गाऱ्हाणं आणि उजवं फुप्फुस

खोकला हा आमच्या घरात आजार धरला जात नाही. माझे वडील, आप्पा, गिरणीत कापसाच्या खात्यात होते. ते जिन्यात आहेत की दारात, रागात आहेत की खुशीत, हे आम्हाला त्यांच्या खोकल्यावरून कळायचं. त्यामुळे नोव्हेंबरात मला खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याला बसायला पाट दिला. बायको, शैला, म्हणाली डॉक्टरकडे जाऊन या. मी म्हटलं, हवा खराब आहे, अख्खं दहिसर खोकतंय, मी काय वेगळा आहे. एवढं बोलताना मी मध्ये दोनदा खोकलो.

"आधी वाक्य तरी पूर्ण करा," ती म्हणाली.

तर मी मधुकर घाडीगावकर, नोकरी अंधेरीच्या एका लिफ्ट कंपनीत, सुपरवायझर. आजारातून उठल्यापासून ओळखीत कुणाच्या छातीत काही निघालं की मला फोन येतो. छातीत घातलेली नळी दुखते का, जेवण जातं का, बायको चिडते का. प्रत्येकाला तेच तेच सांगून मला पुन्हा दम लागायला लागला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. औषधाचं काही विचारायचं असेल तर डॉक्टरला विचारा. माझं शिक्षण लिफ्टचं आहे.

एका दमाचा माणूस

आधी गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, नाहीतर माझ्या घाबरण्याचं कारण कळणार नाही.

आम्ही मालवणकडचे. आमच्यात कुठलंही देवाचं कार्य असलं की सगळ्यांच्या वतीने एक माणूस हात जोडून देवाला मोठ्याने विनंती करतो, की बाबा, आम्ही जमलोय, गोड मानून घे, चुकलं-माकलं पोटात घाल, पोराबाळांना सांभाळ. आणि जमलेली माणसं मागून म्हणतात, होय महाराजा. हे गाऱ्हाणं. आमच्या गावच्या मुंबई मंडळाची दर जानेवारीत दहिसरला शाळेच्या हॉलमध्ये सत्यनारायणाची पूजा असते आणि तिथलं गाऱ्हाणं आमच्या घराकडे. आधी आप्पा घालायचे. ते गेल्यापासून मी घालतो.

आप्पांचं गाऱ्हाणं फार सावकाश असायचं. एक वाक्य म्हणणार, थांबणार, मग दुसरं. लहानपणी मला ते रटाळ वाटायचं, कारण प्रसादाचा शिरा समोर दिसत असायचा. मी हातात घेतल्यावर पहिल्याच वर्षी ठरवलं, आपलं काम फास्ट. एकदा श्वास भरायचा आणि सुटायचं. देव, ग्रामदेव, वाडीतली घरं, मुंबईची मंडळी, परगावची, परदेशातली, सगळं एका दमात. लोकांना होय महाराजा म्हणायला फट मिळायची नाही. शेवटी एकदाच काय ते सगळे मिळून म्हणायचे, तेही अर्धे पुढे, अर्धे मागे. मंडळात माझी ख्याती होती. पोरं मोबाईलवर वेळ लावायची आणि मला त्याचा अभिमान होता, यात लपवण्यासारखं काही नाही.

शैलाला मात्र कौतुक नव्हतं. दरवर्षी घरी येताना रिक्षात एकच प्रश्न.

"अख्ख्या गावासाठी मागता. माझं नाव असतं का हो त्यात कधी?"

"असतं की."

"कुठे? मला तर काही ऐकू येत नाही."

"देवाला येतं," मी म्हणायचो आणि विषय संपायचा.

लिफ्टवाला जिन्यात

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. मी लिफ्ट कंपनीत आहे, पण ही लिफ्ट आमच्या कंपनीची नाही. हे मी सोसायटीला वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि कुणाला ते पटलेलं नाही. त्या दिवशी मी ऑफिसातून आलो, चार मजले चढायचे होते आणि दुसऱ्या मजल्यावर माझ्या छातीच्या उजव्या बाजूला कुणीतरी सुरी खुपसल्यासारखं झालं. श्वास अर्धाच आत जायचा आणि तिथून परत फिरायचा. मी शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटावर बसलो. दार उघडून त्या घरच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीच आलात बघायला. दोन दिवस झाले बंद आहे."

मला बोलता येईना. मी हातानेच नाही म्हटलं. त्यांना वाटलं, पार्ट मिळत नाहीये.

पूर्वा, आमची मुलगी, मालाडला कॉल सेंटरमध्ये आहे. तिला फोन गेला, ती रिक्षा घेऊन आली आणि मला थेट एक्स-रे काढायला घेऊन गेली. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. एक बाजू काळी दिसत होती, दुसरी खालून अर्ध्यापर्यंत पांढरीशुभ्र.

"ही बाजू तरी स्वच्छ आहे ना?" मी पांढऱ्याकडे बोट दाखवून विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पूर्वाकडे. "काळं दिसतं ती हवा, काका. पांढरं आहे तिथे हवाच नाही. तिथे पाणी भरलंय."

न्यूमोनिया होऊन गेला होता, म्हणजे मी तो होऊ दिला होता, आणि आता फुप्फुसाच्या बाहेरच्या बाजूला पाणी साचलं होतं. ताबडतोब ॲडमिट. पाणी कशामुळे झालं ते तपासायला पाठवू, टीबी आहे का बघू, बाकीही बघू, असं ते म्हणाले. 'बाकीही' म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

शैला तोवर पोचली होती. फॉर्म भरताना तिचा बांध फुटला. "लोकांच्या लिफ्टचे वर्षाचे करार करता, दर महिन्याला तेलपाणी करता. स्वतःचं कधी केलंत?" समोरच्या खिडकीतला माणूस पेन थांबवून ऐकत होता. उत्तर द्यायला माझ्याकडे तेवढा श्वास नव्हता.

पाणीबंदी

माझ्या बरगड्यांमधून एक नळी आत घातली. दुखलं. बधीर करतात, तरीही दुखलं. पण नळी घातल्यावर जे बाहेर आलं ते बघून मलाच आश्चर्य वाटलं की एवढं घेऊन मी रिक्षा पकडत होतो, मीटिंगला बसत होतो, जोरात भांडत होतो. नळीचं दुसरं टोक खाली एका बाटलीत. मी श्वास घेतला की त्या नळीतलं पाणी वर चढायचं, सोडला की उतरायचं. पहिल्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, नुसता त्या पाण्याकडे बघत राहिलो. आपण जिवंत आहोत हे एवढं स्पष्ट मला कधी दिसलं नव्हतं.

बाटली छातीच्या वर कधीही उचलायची नाही, असं सिस्टरने बजावून सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी माझा चुलतभाऊ विजय भेटायला आला. हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. बसल्या बसल्या म्हणाला, "अरे, पायात येईल कुणाच्या," आणि बाटली उचलून टेबलावर ठेवायला निघाला. सिस्टर वॉर्डच्या त्या टोकाहून जी ओरडली, की शेजारच्या खाटेवरचे बोरिवलीचे मेहताभाई झोपेतून उठून बसले. विजयने बाटली खाली ठेवली आणि तिला नमस्कार केला.

पण खरा गोंधळ आमच्या मुलुंडच्या वहिनीने घातला. वहिनी आली, पिशवीतून शहाळं काढलं, मग काहीतरी आठवून पुन्हा पिशवीत घातलं. शैलाला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, त्यांच्या छातीत पाणी झालंय आणि तू त्यांना पाणी पाजतेयस?"

शैला शिकलेली बाई आहे. पण घाबरलेल्या माणसाला कुणीही काही सांगावं. त्या क्षणापासून माझं पाणी बंद झालं. जेवणातली डाळ बाजूला गेली. ताक गेलं. मोसंबी गेली. गोळ्या घशाखाली उतरतील एवढा घोट, बस्स. मी तहानेने कासावीस होऊन म्हटलं, "अगं, एक ग्लास तरी." ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाटलीत किती जमलंय बघा, आणि अजून मागताय." आणि खोटं कशाला सांगू, मला स्वतःलाही ते पटलं होतं. वरून टाकी भरत राहिलो तर खालून गळणारच, हा साधा हिशेब होता.

पुढच्या राउंडला डॉक्टरांनी माझी जीभ बघितली. मग लघवीची नोंद बघितली. मग शैलाकडे बघितलं.

"काकांना पाणी कोण देत नाहीये?"

मेहताभाईंनी आमच्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी आवाज चढवला नाही. खाटेच्या कडेला बसून समजावून सांगितलं. फुप्फुसावर बाहेरून दोन पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये हे साचलंय. तुम्ही पिता ते पाणी पोटात जातं, ते धावत जाऊन तिथे भरत नाही. उलट पाणी प्यायलात तर छातीतला कफ पातळ होतो आणि सुटतो, नाहीतर तो डिंकासारखा चिकटून बसतो. "भरपूर पाजा," ते म्हणाले.

शैलाने त्या दिवशी मला इतकं पाणी पाजलं की त्याचे वेगळे परिणाम झाले. बाटली हातात घेऊन संडासात जाणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. वहिनीला तिने फोन केला आणि दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी शहाळं आलं.

रिपोर्ट यायचा होता

हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो मला अजून नीट सांगता येत नाही.

पाण्याचा रिपोर्ट यायला वेळ होता. दुपारी जेवणं झाली की वॉर्ड शांत व्हायचा. शैला बाकावर बसून आपले गुडघे चोळायची. तिचे गुडघे जुने दुखणेकरी आहेत आणि हॉस्पिटलच्या बाकाने त्यांची आणखी वाट लावली होती. पूर्वा म्हणायची, आई तू घरी जा, मी थांबते. शैला म्हणायची, तू ड्युटी कर. मग दोघी माझ्यासमोर हळू आवाजात भांडायच्या, कारण मोठ्याने भांडायची सोय नव्हती. मी डोळे मिटून पडायचो.

मला भीती वाटत होती. मरणाची वाटत होती, आणि त्याहून जास्त, मी गेल्यावर ही बाकावरची बाई कुणावर चिडेल, याची वाटत होती. मनातल्या मनात गाऱ्हाणं घालून बघावं म्हटलं. तिथेसुद्धा चार शब्दांनंतर मला खोकला आला.

रिपोर्ट आला. टीबी नाही, 'बाकीचं'ही नाही. नुसतं इन्फेक्शन, वेळेवर न गेल्यामुळे चिघळलेलं. डॉक्टर हे सांगून पुढच्या खाटेकडे गेले, तेव्हा शैलाने माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. तो निळा डाग नळी निघाल्यानंतरही होता.

तीन गोळे

दुसऱ्या दिवशी कांबळे मॅडम आल्या. या फिजिओथेरपीच्या डॉक्टर, पूर्वापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या. आईवडील लातूरकडचे, स्वतः मुलुंडच्या. बोलणं एकदम सरळ. येण्याआधीच त्यांनी सिस्टरकरवी एक खेळणं आणायला सांगितलं होतं, प्लॅस्टिकच्या तीन नळ्या, त्यात तीन रंगीत गोळे आणि तोंडात धरायला एक पाईप. पूर्वाने ते आदल्या संध्याकाळी मेडिकलमधून आणलं होतं आणि आम्ही वाट न बघता काम सुरू केलं होतं.

मी फुंकलं. गोळे हलले नाहीत. जीव खाऊन फुंकलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले, गोळे जागेवर. पूर्वाने फुंकून बघितलं. शैलाने पदराने पाईप पुसून फुंकून बघितलं. मेहताभाईंनीही "लाव इधर" म्हणून हात पुढे केला, आणि ते फुंकतच होते तेवढ्यात त्यांची बायको आली आणि त्यांना बोलणी बसली. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की पीस डिफेक्टिव्ह आहे. पूर्वा मेडिकलमध्ये गेली. दुकानदारानेही फुंकून बघितलं म्हणे, आणि बदलून दिलं. तोही पीस डिफेक्टिव्ह निघाला.

मॅडमनी ही हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि मग त्या भिंतीकडे तोंड करून हसल्या.

"काका, ओढायचंय. फुंकायचं नाही. सरबत पितो तसं आत ओढा."

आता यात आमची काय चूक? जन्मापासून आम्हाला फुंकायलाच शिकवलंय. गरम चहा फुंका, मेणबत्ती फुंका, पोराला लागलं तर फुंकर घाला. हवा आत घ्यायला कुणी कधी शिकवलं नाही, कारण ती आपली आपण येत होती.

मी ओढलं. पहिला गोळा बोटभर उचलला गेला, थरथरला आणि पडला. गाऱ्हाण्यात गावं गाजवणारा माणूस मी, आणि तो गोळा पडल्यावर मला रडू आलं. मॅडमनी रुमाल वगैरे काही दिला नाही. म्हणाल्या, "परत."

त्यांनीच मला समजावलं की फुप्फुस स्वतः काही ओढत नाही. त्याला स्वतःचे स्नायूच नाहीत, ते म्हणजे नुसता स्पंज. खाली पोट आणि छातीच्या मध्ये एक पडदा असतो, तो खाली गेला की वर जागा होते आणि हवा आत शिरते. हे मला चटकन कळलं, कारण लिफ्टची केबिनही स्वतः वर जात नाही, ओढणारी मोटर भलतीकडेच असते आणि लोक शिव्या केबिनला देतात. मग त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवायला लावला. श्वास घेताना पोट फुगलं पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. श्वास नाकाने घ्यायचा, कारण नाकात हवा गाळली जाते, गरम होते, ओली होते. "नाक काय फक्त चष्मा ठेवायला आहे का?" आणि सोडताना ओठ आवळून हळूहळू. आधी जुनी हवा नीट बाहेर काढा, तरच नवीनला जागा मिळेल.

"आता एका श्वासात आकडे मोजा बरं," त्या म्हणाल्या.

दहाचा आकडा काही मला दिसला नाही. मी त्यांना गाऱ्हाण्याचं सांगितलं, जानेवारीत पूजा आहे हेही सांगितलं. त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

"पण एका दमात कशाला?" त्यांनी विचारलं. "वाक्य संपलं की थांबा ना. मागे कोण लागलंय तुमच्या?"

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं ते, मॅडम.

विजयची आयडिया

नळी निघाली त्या दिवशी विजय पुन्हा आला. या वेळी त्याने खाटेपासून हातभर अंतर ठेवलं होतं. पूजेचा विषय निघालाच.

"मध्या, तू टेन्शन घेऊ नको. माझ्याकडे तुझं गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं रेकॉर्ड आहे. स्पीकरला लावतो, काम झकास."

"गाऱ्हाणं स्पीकरवर?"

"आवाज तुझाच आहे ना? देवाला काय फरक पडतो."

आणि त्याने मोबाईलवर ते लावलं. मी ते तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं, कारण ऐकायच्या वेळी मी ते घालत असायचो. खरं सांगतो, मला वाटलं मिक्सर चालू आहे. मध्ये एकदा आमच्या ग्रामदेवाचं, 'रवळनाथा', ऐकू आलं, मग शेवटी एकदम सगळ्यांचं होय महाराजा. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली होती, ती थांबून म्हणाली, "हे कुठल्या भाषेत आहे?"

"मालवणी," मी म्हटलं.

"मी मालवणचीच आहे," ती म्हणाली.

शैला खिडकीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मी विजयला सांगितलं, मी येणार. रेकॉर्ड बंद ठेव. तो म्हणाला, ये रे, पण बटण मी तयार ठेवतो, नाही जमलं तर दाबतो. मला त्याचा इतका राग आला की त्या रात्री दुसरा गोळाही उचलला गेला.

घरी

घरी आलो तेव्हा घराचा कायदा बदलला होता. अगरबत्ती बंद, धूप बंद, डासांची कॉईल बंद. शैलाने देवाला काय सांगून समजूत काढली ते तिलाच माहीत, पण देव्हाऱ्यात फक्त फुलं आणि निरांजन. फोडणीच्या वेळी मला स्वयंपाकघराकडे फिरकायची बंदी. बाहेर जाताना मास्क. बरा झालो की न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घ्यायची, ती तारीख पूर्वाने फ्रीजवर चिकटवली. सकाळ-संध्याकाळ बिल्डिंगच्या गेटपर्यंत फेऱ्या. लिफ्ट दुरुस्त झाली होती, आणि सोसायटीत सगळ्यांची समजूत होती की ती मीच हॉस्पिटलमधून फोन करून करवून घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खास पुरणपोळ्या पाठवल्या. मी त्या खाल्ल्या.

तीन गोळ्यांचा सराव चालू होता. तिसरा काही उठायला तयार नव्हता. गाऱ्हाण्याचा सराव मी बाथरूममध्ये नळ सोडून करायचो. श्वास भरायचा, सुटायचं, आणि ग्रामदेवापर्यंत पोचायच्या आत गाडी बंद. बाहेरून शैला म्हणायची, "पाणी वाया जातंय."

पूजेच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर विजूभाऊजी बटण दाबतील," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला ते मिक्सर नकोय."

पूजा

हॉल भरलेला होता. मला मुद्दाम खिडकीजवळ उभं केलं आणि पूर्वाने धुपाटणं उचलून थेट पॅसेजमध्ये नेऊन ठेवलं. भटजींना ते आवडलं नाही. पुढच्या खुर्चीवर बाबल्याकाका, आप्पांचे गिरणीतले दोस्त, आता ऐंशीच्या पुढचे. बाजूला स्पीकर, स्पीकरपाशी विजय, आणि विजयच्या हातात मोबाईल, त्यावर अंगठा तयार. मी देवाकडे कमी आणि त्या अंगठ्याकडे जास्त बघत होतो.

हात जोडले. नाकाने श्वास घेतला, पोट फुगलं, खांदे जागेवर. आणि सवयीने सुटलो.

"बा देवा सत्यनारायणा, बा गावच्या रवळनाथा, आज ही तुझी सगळी लेकरां हय जमलेली असत, त्यांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली..."

संपलं. तिथेच संपलं. पुढचा शब्द तोंडात होता, पण त्याला बाहेर ढकलायला हवा नव्हती. मी तोंड उघडं ठेवून उभा. पोरांनी वेळ लावलेले मोबाईल खाली केले. विजयचा अंगठा हलला.

आणि बायकांच्या बाजूने एक आवाज आला, एकटा, खणखणीत.

"होय महाराजा."

शैलाचा होता. विजयने तिच्याकडे पाहिलं. मग बाबल्याकाका म्हणाले, होय महाराजा. मग अख्खा हॉल म्हणाला, होय महाराजा. तेवढ्या वेळात माझा श्वास भरून झाला होता.

"...ती गोड मानून घे महाराजा."

"होय महाराजा."

पुन्हा श्वास. "काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल महाराजा."

"होय महाराजा."

असं मी वाक्यावाक्याने पुढे गेलो. मी थांबलो की ते म्हणायचे, ते म्हणायचे तेवढ्यात मी श्वास घ्यायचो. वाडीतली घरं झाली, मुंबईची मंडळी झाली, दुबईची झाली. एवढी वर्षं होय महाराजाची जी फट मी बुजवत आलो होतो, ती माझ्यासाठीच ठेवलेली होती. घालणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून. मला हात जोडून उभं असतानाच हसू यायला लागलं, आणि हसायला हवा लागते म्हणून मी ते आवरलं.

शेवटची दोन वाक्यं माझी स्वतःची असतात. ती मी दरवर्षी म्हणतो. या वर्षीही म्हटली, फक्त या वर्षी थांबून थांबून.

आरती झाल्यावर बाबल्याकाकांनी मला जवळ बोलावलं. "आज आप्पासारख्या घातलंस," ते म्हणाले. "सगळा समाजला."

"आप्पांचं सावकाश असायचं," मी म्हटलं.

"सावकाश कसला, मेल्या. कापूस खाल्लेलो तेना बारा वर्सां. दम खय होतो तेका? जय दम संपायचो, थय आमी म्हणायचाव."

म्हणजे आप्पा थांबायचे तिथे त्यांचा श्वास संपलेला असायचा, आणि ही माणसं होय महाराजा म्हणून त्यांना तो भरू द्यायची. खोकल्यावरून बाप कुठे आहे ते ओळखणारा मी, आणि एवढं मात्र मला कळलं नव्हतं.

विजयने येऊन शिऱ्याचा द्रोण माझ्या हातात ठेवला आणि पुटपुटला, "हे रेकॉर्ड केलंय. पुढच्या वर्षी कामाला येईल." मी त्याला शिवी दिली. पूर्ण दिली, मध्ये न थांबता.

रिक्षात शैला माझ्या बाजूला बसली होती. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला नाही. दहिसरचा पूल आला.

"ते शेवटचं," ती म्हणाली. "माझ्या घरकारणीचे गुडघे बरे कर, आणि तिका माझ्या आधी नेव नको. ते दरवर्षी म्हणता?"

"दरवर्षी."

"एवढी वर्षं?"

"तुला सांगत होतो ना, नाव असतं म्हणून."

ती बाहेर बघायला लागली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि मी वटपौर्णिमेला काय मागते, माहितीय? मला ह्यांच्या आधी ने. म्हणजे तुम्ही तिकडे एक अर्ज देताय, मी इकडे दुसरा. देवाने करायचं तरी काय?"

"म्हणूनच आपली फाईल अडकली असणार," मी म्हटलं.

ती हसली, मग रडली, मग माझा मास्क नाकावर नीट बसवला.

"पुढच्या वर्षी ते वाक्य बदला. दोघांना राहू दे म्हणा," ती म्हणाली. "आणि तिथे जरा जास्त वेळ थांबा. मला होय महाराजा म्हणायचंय."